दुभाष्याचा चेहरा

ज्या देशात मी काही महिने काम केलं त्याचं नाव मी त्यावर केलेल्या पुस्तकातही घातलं नव्हतं, इथेही घालत नाही. ओळखणारे ओळखतात. तिथे जाण्यामागे धाडसबिडस काही नव्हतं. कंपनीने पाठवलं, मी गेलो.

बाबा नांदेडकडून येऊन हैदराबादला रेल्वेत लागले होते. नामपल्ली स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या फाटक्या पुठ्ठ्यांवर मी चित्रं काढायला शिकलो, मग चित्रकलेच्या कॉलेजात गेलो, मग काही वर्षं सिनेमाचे बॅनर रंगवले. तेवढ्यात उदारीकरण आलं आणि परदेशी कार्टून मालिकांचं काम आमच्या शहरात यायला लागलं. बंजारा हिल्सवरच्या एका बंगल्यात आम्ही ओळीने बसायचो, काचेखाली दिवा असलेल्या टेबलांवर. मांजर उडी मारणार असेल तर उडीची सुरुवात आणि शेवट तिकडचे लोक काढून पाठवत. मधली सगळी चित्रं आम्ही काढायची. आम्ही स्वस्त होतो म्हणून काम आमच्याकडे आलं. पुढे आमच्याहूनही स्वस्त माणसं कुठे आहेत याचा शोध आमच्याच मालकाला लागला आणि अर्धं काम त्या देशात जायला लागलं. ते तपासायला इथला कोणीतरी तिथे बसायला हवा होता. पुण्या-मुंबईहून आलेले सहकारी बायकामुलांचं कारण सांगून सुटले. माझं लग्न व्हायचं होतं.

बाबा युनियनचे जुने कार्यकर्ते. ते खूश झाले. म्हणाले, "लाल झेंड्याचा देश हाय. कामगाराला मान कसा असतो ते नीट बघून ये."

विमानतळावर मला घ्यायला दुभाषा आला. पन्नाशीचा, सडपातळ, काळा कोट, कोटावर पुढाऱ्याचा बिल्ला. कोटाचं खालचं बटण तुटलेलं. तो हिंदी बोलत होता. विद्यापीठात शिकला होता, पण भारत त्याने पाहिला नव्हता आणि त्याच्या शिक्षकानेही नाही. म्हणाला, "आशा है, आपका स्वास्थ्य उत्तम है?"

"हौ," मी म्हणालो. "एकदम बढ़िया."

तो थबकला. "हौ? यह शब्द मैंने कभी नहीं पढ़ा."

"हमारे शहर का है."

गाडीत बसल्यावर तो खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणून बघत होता. हौ. हौ.

त्याच्याशिवाय मला हॉटेलबाहेर पाऊल टाकता येत नसे. आणि त्याच्यासोबत नेहमी आणखी एक माणूस असे. त्याला हिंदी येत नव्हती, किंवा येत नाही असं तो दाखवायचा. माझा कॅमेरा विमानतळावरच जमा झाला होता, पण पेन्सिलीला कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मी काढत सुटलो. रुंद रिकामे रस्ते. वाहन नसलेल्या चौकात हात दाखवणारी पोलीस बाई. तिथल्या आमच्या स्टुडिओतले चित्रकार, जे वीज गेली की टेबलं ओढत खिडकीपाशी नेत आणि बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालून मांजराची उडी पुरी करत. आणि दुभाषा. बर्फात उभा असलेला, सूप पिताना, बसची वाट पाहताना. त्याचे चेहरे मी खूप काढले. तो एकदाच म्हणाला, "मैं इतना वृद्ध दिखता हूँ?"

सुट्टीच्या दिवशी ते मला काहीतरी दाखवायला नेत. एकदा फळांच्या दुकानात नेलं. संत्र्यांचे मनोरे रचलेले, विकणाऱ्या मुली इस्त्रीच्या कपड्यांत, गिऱ्हाईक एकही नाही. मी हात लावायला गेलो तर दुभाष्याने हळूच माझी बाही ओढली. मी हसून म्हणालो, "बहुत सुंदर." दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर आम्ही बागेत बसलो होतो. दुसरा माणूस सिगारेट पेटवायला वाऱ्याच्या आडोशाला गेला. दुभाषा म्हणाला, "आपका नगर कैसा है? बनाइए."

मी दिलसुखनगरचा रस्ता काढला. एकावर एक चढलेले फलक, साड्यांची दुकानं, कोचिंग क्लासच्या पाट्या, तारांचं जाळं, स्कूटरी, डाळिंबांचा ढीग घेतलेला गाडा, आणि माणसंच माणसं. हात भराभर चालत होता. घराची आठवण येत होती, म्हणून जे जे छान ते सगळं काढलं. त्याने कागद गुडघ्यावर ठेवून बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे बघून हसला.

"बहुत सुंदर."

ते हसू मला लगेच कळलं. फळांच्या दुकानात मी हसलो होतो ना, अगदी तसंच.

"सच्ची में ऐसाच है," मी म्हणालो.

"अवश्य," तो म्हणाला. समजूतदारपणे. मला वाईट वाटू नये म्हणून. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "इन में से किस दुकान में कोई भी जा सकता है?"

"सब में."

त्याने दुसऱ्या माणसाकडे पाहिलं, कागद मला परत दिला आणि हवेबद्दल बोलायला लागला.

मी त्या चित्रात मिठाईच्या दुकानासमोर हात पसरून बसलेली म्हातारी काढायला हवी होती. ती तिथे रोज बसायची. उघडं गटार काढायला हवं होतं. तेवढ्यावरून त्याला कदाचित पटलं असतं. मला हे सुचलं ते हैदराबादला परतल्यावर, अफझलगंजला बससाठी उभा असताना, आणि तेव्हापासून सुचतच राहिलं आहे.

निघायच्या दिवशी तो आला नाही. त्याच्या जागी एक तरुण बाई होती. "वे अन्य कार्य में व्यस्त हैं," ती म्हणाली. जास्त विचारलं तर त्यालाच त्रास होईल अशी भीती वाटून मी गप्प बसलो. विमानतळावर अधिकाऱ्यांनी माझी चित्रं तपासली. इमारती आणि रस्ते परत दिले. माणसांचे चेहरे असलेली सगळी पानं अदबीने काढून घेतली.

परतल्यावर बाबांनी विचारलं, "कामगारांचं कसं हाय तिकडं?" मी म्हणालो, थंडी फार आहे.

काही वर्षांत हाताने काढायचं कामच संपलं. संगणक आले, बंगला रिकामा झाला, चित्रकार पांगले. त्या बेकारीत मी ते पुस्तक केलं, चित्रं आणि थोडा मजकूर. दुभाषा ओळखू येता कामा नये, म्हणून त्याच्या चेहऱ्याच्या जागी कोरा अंडाकार ठेवला. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, "अहो, वाचकाला माणूस दिसायला नको का?" तेव्हा मी बाबांचा चेहरा काढला. तसेच खोल गाल, तसंच वय. पार्सल ऑफिसातल्या कारकुनाला त्या देशात कोण ओळखणार?

पुस्तकावर आमच्या मराठी मंडळींनी छोटा कार्यक्रम केला. प्रश्न विचारायला एक गृहस्थ उठले. "काही म्हणा, शिस्त आहे तिथे. आपल्याकडे असंच हवं." बऱ्याच माना डोलल्या. पुस्तक संपूर्ण वाचलेले त्या सभागृहात बहुधा एकटे बाबा होते. घरी आल्यावर ते म्हणाले, "म्हंजे तिथं युनियनच नाही?"

"नाही."

"मंग तो झेंडा कशाला?" त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "आणि मला कामून नेलं रे तिकडं, बर्फात?" आणि हसले.

बाबा गेल्यानंतर प्रकाशकांचा फोन आला, नवी आवृत्ती काढतोय. एवढी वर्षं लोटली होती, आता कोणाला धोका असेल असं वाटत नव्हतं. दुभाष्याचा खरा चेहरा काढायचा म्हणून मी बसलो. कोट आला. तुटलेलं बटण आलं. आवाज तर कानात होता. पण भुवया काढल्या की बाबांच्या होत. हनुवटी बदलली, तरी बाबाच. कितीतरी कागद वाया गेले. ज्या चेहऱ्यामागे मी त्याला लपवलं, त्याच चेहऱ्याने त्याला माझ्या आतून पुसून टाकलं होतं.

शेवटी ठरवलं, निदान कोरा अंडाकार तरी परत ठेवू. प्रकाशक तयार झाले. संध्याकाळी मायला सांगितलं. बाबांचा आमच्याकडे एकच फोटो होता, नोकरीच्या कार्डावरचा, भेदरलेला. माय ते पुस्तक कपाटावर बर्फाच्या पानाशी उघडून उभं ठेवायची आणि रोज फडक्याने पुसायची. मला वाटायचं, पुस्तकाचं कौतुक.

"काढून टाकणार?" तिने विचारलं.

"ते बाबा नाहीत गं. तो दुसरा माणूस आहे."

"मला माहीत हाय." ती पानाकडे बघत राहिली. "असा चांगला कोट त्यांनी जन्मात घातला नाही. राहू दे ना."

सकाळी मी पुण्याला फोन करून सांगितलं, आहे तसंच छापा. नव्या आवृत्तीच्या प्रती गेल्या महिन्यात आल्या. एक मायला दिली. माझी मी अजून उघडलेली नाही.