डांगरातला गुळाचा खडा

मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या रक्तात साखर निघाली होती. गुहागरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "साखर बंद. पंधरा दिवसांनी परत रक्त तपासू. उतरली नाही तर रोज इंजेक्शन." सुईला ती लहानपणापासून घाबरते. शाळेत लस टोचायला आले की भाताच्या पेंढ्यांच्या उडवीमागे लपून बसायची.

घरी आल्या आल्या मी साखरेचा डबा शेजारी जाऊबाईंकडे नेऊन दिला. चहासुद्धा बिनसाखरेचा.

तिच्या तोंडाला चव नव्हती. म्हणाली, "आये, डांगर कर गो." डांगराला वेळ लागत नाही. भाजलेल्या उडदाचं पीठ डब्यात असतंच. त्यात ताक, मीठ, बारीक कांदा, हिरवी मिरची कालवायची, वरून हिंगाची फोडणी. भाकरीला लावून ती रोज खायची, वाटी बोटाने पुसून. ते बघून माझं पोट भरायचं.

पंधरा दिवसांनी आकडा वाढलेला आला.

"चोरून काय खातेस ग?" डॉक्टरीणबाई रागावल्या.

"काही नाही हो, खरंच."

"मग साखर काय वाऱ्यावरून आली?"

बाहेर बाकावरच्या बायका हसल्या. पोरीचे डोळे भरले. "आये, तू सांग ना. तूच करतेस सगळं."

मी दाराला टेकून उभी होते. दवाखान्यात मी कधी बोलत नाही. मनातल्या मनात आठवू लागले, तिला काय काय दिलं. भाकरी, माशाचं कालवण, डांगर. डांगरापाशी अडले. ताक आंबट असतं म्हणून मी त्यात गुळाचा खडा कुस्करते. माझी आई कुस्करायची, सासूबाई कुस्करायच्या. हात आपोआप जातो. आमच्याकडे दमून आलेल्याला गूळपाणी देतात. गूळ ताकदीचा. तो साखरेत धरायचा असतो, हे मनातच आलं नव्हतं.

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. घरी जाऊन गूळ बंद केला असता, झालं. पण पोर विनाकारण बोलणी खात होती.

"बाई, गूळ चालतो ना?"

त्यांना ऐकू गेलं नाही. परत विचारलं.

"कशात घालता?"

"डांगरात. रोज."

"केवढा?"

मी बोटांनी दाखवला. लिंबाएवढा.

"अहो आई, तीपण साखरच!"

मला मान वर करवेना. पोरीने पदराने डोळे पुसले आणि एकदम हसली. "आये, चोरी तुझी नि मार मला!"

डॉक्टरीणबाईंनी अजून आठ दिवस दिले.

घरी मी सकाळीच लावलेल्या विरजणाचं, आंबायच्या आधीचं दही घुसळलं. ताक आंबट नसलं तर गूळ लागतोच कशाला, हे इतक्या वर्षांनी कळलं. त्याच ताकात डांगर कालवलं, थोडी काकडी किसून घातली.

"बरं लागतंय," ती म्हणाली.

"माझ्यासाठी खोटं बोलू नको हां."

"खोटं नाय गो. आता मिरची कळते."

आठ दिवसांनी आकडा खाली आला. इंजेक्शन लागलं नाही. परतताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी मात्र घर येईपर्यंत आठवत होते, आमटीत, उसळीत, आणखी कशाकशात माझा हात आपोआप जातो.