मी निवडलेलं हेल्मेट

बाजाराचा एक कायदा नगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. एकाचा सौदा चालू असताना दुसऱ्यानं मध्ये घुसायचं नाही. आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं म्हणजे सौदा मोडला, असं नसतं. दुकानदारानं हाक मारायची असते. नागापूरला एका जुन्या लेथवर मी वर्कशॉप उभं केलं ते अशाच पायऱ्या उतरून.

नव्वदच्या दशकात लष्करी भागात पोहणं, सायकल आणि पळणं अशी तिहेरी शर्यत व्हायची. बाहेरच्यांनाही घेत. माझा तिसरा नंबर दरवेळी थोडक्यात हुकायचा. पोहण्यात मी कच्चा, त्यामुळे वसुली सायकलवरच, आणि सायकलवर खरं भांडण वाऱ्याशी. म्हणून सायकलच्या दुकानात मुंबईहून वारा कापणारी, लांब शेपटीची दोन हेल्मेटं आल्याचं कळताच दुकान गाठलं.

अख्खी दुपार घालवली. हेल्मेट घालून सायकलवर बसलो, हँडलवर वाकलो आणि दुकानदाराला शेपटीखाली हात घालून बघायला सांगितलं.

"शेठ, आख्खा पंजा जातोय."

म्हणजे तिथून वारा शिरणार. ते बाद. दुसऱ्याची शेपटी पाठीला टेकून बसली. मान खाली घातली की मात्र तीही उभी राहायची; म्हणजे नजर पुढेच ठेवायला हवी. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होतो. शर्यतीतलाच एक पारनेरचा मास्तर ट्यूब घ्यायला आला होता, तो हाताची घडी घालून ऐकत होता.

मी निम्मा भाव सांगितला. दुकानदार हसला. हेल्मेट काउंटरवर ठेवून मी पायरी उतरलो, सायकलच्या कुलपाशी उगाच खटपट केली. हाक आली नाही. वळून बघतो तर हेल्मेट मास्तरच्या डोक्यावर!

"मास्तर, सौदा माझा चाललाय!"

"तुमी तर निघालात की, दादा. मला वाटलं, पसंत न्हाई."

"मग दुपारभर काय हजामत करत होतो?"

"व्हय, लई बारकाईनं बघितलं तुमी. मला कायच बघावं लागलं न्हाई."

दुकानदार म्हणाला, "शेठ, ते मी मागितला तो भाव देतायत. तुम्ही दुसरं न्या, स्वस्तात लावतो."

दुसरं! ज्यात पंजा जात होता ते!

शर्यतीत मी जुनंच गोल हेल्मेट घातलं. परतीच्या रस्त्याला वारा समोरून आला. पाण्यातून बाहेर पडताना माझ्या मागे असलेला मास्तर शेजारून निघून गेला. नजर पुढे, शेपटी पाठीला चिकटलेली, मी सांगितलं होतं अगदी तसा. पळताना मला ते अंतर तोडता आलं नाही. तिसरा नंबर त्याचा.

बक्षीस घेऊन तो माझ्याकडेच आला. "दादा, फुडल्या साली बूट घ्यायचेत. येता का बघायला?"

तो थट्टा करत नव्हता. खरंच विचारत होता. म्हणूनच राग आजवर उतरलेला नाही.