अक्कांची तपासणी आणि माझा शेरा

माल पारखण्यात आमच्या अक्कांचा हात धरील असा माणूस उभ्या बेंगळुरूत नसेल. आणि याच अक्कांविषयी मी एक खोटा शेरा लिहून तो सहा वर्षे लपवला, हेही आधीच सांगून टाकतो.

बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात त्या सुट्या भागांची तपासणी करतात. मी त्यांचा साहेब, वयानेही बराच मोठा. पण जयनगरातल्या त्यांच्या जुन्या मराठी घरात त्यांना अक्का म्हणत, म्हणून पहिल्या दिवसापासून त्या सगळ्यांच्याच अक्का. नापास मालाला लावायच्या लाल चिठ्ठ्या त्यांच्या पर्समध्ये कायम असतात. एकदा बाजारात त्यांनी नारळांच्या ढिगालाच चिठ्ठी लावली. दुकानदार भडकला, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "स्वल्प हलवून बघ की अण्णा, पाणी वाजतंय का?" कँटीनचे सांबार अनेकदा नापास झाले, माझा टायही एकदा.

मुलगी झाल्यावर त्यांनी घरातही शिफ्ट लावल्या. नवरा सकाळच्या शाळेत शिक्षक; तो दुपारी आला की अक्का कामावर निघत. त्याआधी वहीत नोंद होई: "दूध अर्धं प्यायली. डावा मोजा सापडत नाही. रडते आहे, कारण अज्ञात." खाली नवऱ्याची सही. एकदा त्याने बाळ न बघताच सही केल्याचे बसमध्ये आठवले, तेव्हा अक्का उतरून परत गेल्या. "मशीनसुद्धा बघून ताब्यात घेतात हो!"

बायका विचारीत, "अक्का, दुसरं कधी?"

"नवरा पास झालाय. आता कंपनी पास होऊ दे."

सगळे हसत, मीही हसे. मला मात्र अर्थ ठाऊक होता. विभागप्रमुख झाले की फक्त दिवसाचे काम, मग दुसरे मूल, असे त्या दोघांनी ठरवले होते. विश्वासाने मला सांगितलेही होते. बाळंतपणाच्या त्यांच्या लांब रजेच्या धास्तीने मी बढतीच्या शिफारशीवर लिहिले, "घरच्या जबाबदारीमुळे इच्छुक नाहीत." पद दुसऱ्याला गेले. अक्का दोन-तीन वर्षे थांबल्या, मग म्हणू लागल्या, "एकच नग, पण अव्वल. सरी? बरोबर ना?"

गेल्या महिन्यात ते पद त्यांना मिळाले. म्हैसूरपाक घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "चाळिशी उलटल्यावर का होईना, कंपनी पास झाली! सर, तेव्हाही तुम्ही माझ्यासाठी भांडला असाल."

मी उठून उभा राहिलो.

"नाही भांडलो, अक्का. तुम्हाला पद नको, असं मीच लिहिलं. तुम्हाला न विचारता. जे तुम्ही दोघांनी ठरवायचं, ते मी ठरवून टाकलं. माझं चुकलं. मला क्षमा करा."