नळगंगेला लाल झेंडा

जगात भ्यायचं म्हणून जेवढं काही आहे, त्यातलं अर्धं आमचे साडूभाऊ एकटे भिऊन घेतात. उरलेलं अर्धं अख्ख्या मलकापूरला मिळून पुरतं आणि वर थोडं नांदुऱ्याला पाठवता येतं. मी अतिशयोक्ती करतो असं लोक म्हणतात, पण लोकांनी साडूभाऊंना शिरा खाताना पाहिलेलं नाही. काटा निघेल या भीतीनं हा माणूस शिरा आधी चिमटीत धरून उजेडात बघतो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी रेल्वेत, कीमनची. रोज पहाटे आपल्या हद्दीतल्या रुळावरून पायी निघायचं, रूळ धरून ठेवणारी एकूण एक चावी हातोडीनं ठोकायची, आवाजावरून घट्ट का सैल ते ओळखायचं, आणि धोका दिसला की लाल झेंडा घेऊन थेट येणाऱ्या गाडीच्या दिशेनं धावत सुटायचं, असं ते काम. त्यांच्या हद्दीत कधी गाडी घसरली नाही. याचं श्रेय रुळांनी घ्यावं का साडूभाऊंच्या भीतीनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. निवृत्त झाल्यावर हातोडी घरी बसेल असं वाटलं होतं. पण यंदा उन्हाळ्यात अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या, हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला. चालणं वाढवत न्या. बसून राहिलात तर हे पुन्हा तुंबेल, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं काही सोपं नाही." झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडूभाऊ हातात हातोडी आणि काखेत लाल झेंडा घेऊन नळगंगेच्या काठच्या बागेत हजर! मागे अक्का, अक्कांच्या मागे पाण्याची बाटली घेऊन मी.

बाग तशी साधीच. नदीला लागून फरसबंदी वाट, चार बाकं, दोन झोके, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पण साडूभाऊंनी त्यात असे असे धोके शोधून काढले, की ती बांधणाऱ्याला कळलं असतं तर त्यानं बांधकामच सोडून किराणा दुकान टाकलं असतं. ते प्रत्येक बाक ठोकून बघत. एक रिटायर हेडमास्तर बाकावर पेपर वाचत बसले होते, त्यांच्याखालीच जाऊन हातोडी हाणली. गुरुजी पेपरासकट हातभर उडाले, तर हे वर त्यांनाच म्हणाले, "पाहा, हललं की नाही?" जांभळीवर मधमाश्यांचं पोळं दिसलं, तेव्हा त्यांनी हास्यक्लबाला हात जोडून विनंती केली, की बाप्पा, आवाज करू नका. बिचारे आठ दिवस मुक्यानं हसले. पंधरा माणसं दोन्ही हात वर करून, दात काढून, आवाज न करता गदागदा हलताहेत हे दृश्य पाहून जळगाव जामोदचा एक पाहुणा आल्या पावली एसटी स्टँडवर गेला, तो अजून सासुरवाडीला फिरकलेला नाही.

खरी गोची पुढे होती. रेल्वेत दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. साडूभाऊंनी तोच नियम अक्कांना लावला. आधी वीस पावलं ते स्वतः जाणार, जमीन ठोकणार, पालापाचोळा उलथून सापविंचू बघणार, समोरून कोणी येत असेल तर त्याला तिथंच थोपवणार. मग हात हलवला, की अक्कांनी वीस पावलं यायचं आणि थांबायचं. तीन महिन्यांत अक्कांची अर्धी फेरी झाली नव्हती. नदीतलं कासव त्यांना ओलांडून जायचं, आणि परतताना चौकशी करायचं.

एकदा मी धीर करून म्हणालो, "साडूभाऊ, अक्काले जरा चालू द्या ना. डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"डॉक्टर दवाखान्यात बसते," ते म्हणाले. "त्याले काय मालूम, रस्त्यात काय काय राह्यते ते! तुले हसू येऊन राह्यलं बे, पण हिले आता एकच ठेच पुरे आहे."

असं म्हणून त्यांनी एकदा ठोकलेली फरशी पुन्हा ठोकली. मी हसणं गिळलं. कारण, मित्रहो, भीती ही खरजेसारखी असते. तीन महिने या माणसाबरोबर फिरल्यावर मलाही फांदीत साप आणि सापात फांदी दिसायला लागली होती.

श्रावणातली गोष्ट. वर धरणाकडे पाऊस झालेला, नदी दोन्ही काठ धरून चाललेली. गढूळ पाणी, त्यावर पांढरं धुकं, आणि खालून एकसारखा घुमणारा आवाज. साडूभाऊंनी अक्कांना पहिल्याच बाकावर बसवलं. "मी येईपर्यंत हलू नको वं," असं तीनदा बजावलं आणि मला घेऊन वाट तपासायला निघाले. त्या दिवशी प्रत्येक फरशी त्यांना सैल वाटत होती. परत यायला आम्हाला बराच वेळ लागला.

बाक रिकामं होतं.

बाटली होती. अक्का नव्हत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर अक्कांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या. खालच्या पायरीवरून पाणी वाहत होतं. आमच्या भागात नदीकाठी नीट काढून ठेवलेल्या चपला दिसल्या की कोणी कोणाला काही विचारत नाही.

साडूभाऊंनी काखेतला झेंडा काढला आणि काठाकाठानं धावत सुटले. गाडीला थांबवतात तसे, येणाऱ्या पाण्याच्या दिशेनं, झेंडा डोक्यावर फडकवत. सत्तरीकडे झुकलेला माणूस नदीला लाल झेंडा दाखवत होता. "थांब! थांब वं माय, थांब!" मी मागून धावत होतो आणि, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मलाही वाटलं की नदी थांबेल.

"काऊन वरडून राह्यले हो?"

मागून आवाज आला. धुक्यातून अक्का येत होत्या. अनवाणी, लुगड्याचा काठ दवानं भिजलेला, कपाळावर घाम. दवावर अनवाणी चाललं की डोळ्यांना बरं असतं, म्हणून चपला पायऱ्यांवर ठेवून गवतावरून निघाल्या आणि चालतच राहिल्या. पुरी फेरी! त्या जरा धापा टाकत होत्या, पण तोंडावर असं तेज, की मी त्यांच्या पाया पडण्याच्या बेतात होतो.

साडूभाऊ झेंडा टाकून तिथंच खाली बसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी नुसतं विचारलं, "एकटीच?"

"एकटीच. तुमी पुढं असले की मले त्या फरशीचंच भेव वाटते."

मग अक्का त्यांच्याजवळ बसल्या, दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं होतं तसं त्यांचं मनगट धरलं आणि नाडी पाहायला लागल्या. पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. "माय वं," त्या हळूच म्हणाल्या, "किती धावून राह्यली हे!" त्यांनी हात सोडला नाही. नाडी ताळ्यावर येईपर्यंत दोघं तसेच ओल्या गवतात बसून होते. मग त्याच उठल्या. "चाला आता. हळूहळू. या माह्या मागून."

ते मुकाट्यानं मागून गेले. मी गेलो नाही.

घरी आलो तेव्हा आमची ही अजून झोपलेली होती. इतक्या वर्षांत मी तिला झोपेत कधी निरखून पाहिलं नव्हतं. उंबऱ्यात उभा राहिलो आणि तिचं पांघरूण वरखाली होतंय ना, तेवढंच पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. "काय पाहून राह्यले?"

"काही नाही," मी म्हणालो. "झोप तू."