सुगंतीचं रेशन कार्ड

१२ मार्च, गुरुवार. कामावरून आल्यापासून माझ्या ग्रीन कार्डाच्या कागदांचे झेरॉक्स फाईलला लावत बसले आहे.

अमेरिकेला यायला मोर्शी सोडली त्या दिवशी बाबांनी माझा पासपोर्ट पत्र्याच्या पेटीतून काढला. नागपूरला जायची गाडी दारात उभी होती. पासपोर्टबरोबर एक मळकं रेशन कार्ड खाली पडलं.

"हे सुगंतीचं ना?" मी विचारलं.

"राहू दे. आली तं नेईल," म्हणून बाबांनी ते परत टाकलं. मला म्हणाले, "कागद सांभाळजो."

सुगंती मेळघाटातल्या धारणीकडची. हंगामात तिकडची माणसं जीपने आमच्या बागेत संत्री तोडायला यायची. उतरली की बाबा त्यांची कार्डं पेटीत ठेवायचे. "कागद आपल्यापाशी असला का मानूस पळत नाही." एका वर्षी सुगंतीचं लेकरू तापलं. ती कार्ड मागायला ओट्यापाशी आली. "तोडा झाला का नेजो," बाबा म्हणाले. दुपारच्या जीपने ती कार्डाशिवाय गेली आणि पुन्हा आली नाही. मी तिथंच बसले होते. पेटीची किल्ली माझ्याकडे असायची.

आता मी ह्यूस्टनमधल्या एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये आहे. नवरा वारल्यापासून घरात एकटीच. त्याची घराची किल्ली दारामागच्या खिळ्याला तशीच आहे. रविवारी मोर्शीहून दादाचा फोन येतो, तेवढंच मराठी.

सध्या ब्रेकमध्ये एकच वाद असतो: बिनकागदाच्या माणसांना पकडायचा अधिकार राज्याच्या पोलिसांना द्यायचा का. काही म्हणतात, नियम तो नियम. खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं. ग्रीन कार्डासाठी मी वर्षानुवर्षं रांगेत थांबले होते.

पण मार्ता माझ्या शेजारी भाजी चिरते. होंडुरासची. तिच्याकडे कागद नाहीत, इथं जन्मलेल्या मुलीकडे आहेत. आज तिनं एक लिफाफा पुढं केला. "मुलीचा जन्मदाखला आहे. मला पकडलं तर माझी बहीण येईल, तिला दे."

मी म्हटलं, "विचार करते." तिनं लिफाफा एप्रनच्या खिशात घातला आणि कांदे पुढ्यात ओढले.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुह्यावाले कागद पक्के हायेत ना? मंग काहून भेऊन राहिली? अन् दुसऱ्याच्या लफड्यात काहून पडतं?"

"दादा, सुगंतीचं कार्ड अजून पेटीत आहे का?"

"कोन सुगंती?" तो म्हणाला.

झेरॉक्स झाले. माझे कागद पक्के आहेत. सगळं तपासून फाईल बंद केली, तरी वरण गरम करायला उठवेना.

१३ मार्च, शुक्रवार. सकाळी मी कामावर अर्धा तास आधी गेले. मार्ता बटाटे धूत होती. तिच्याकडून लिफाफा मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. मग घरून आणलेली खिळ्यावरची किल्ली तिच्या ओल्या हातात दिली.

"ही माझ्या घराची. लिफाफा कपाटात ठेवते, वरचा कप्पा, डावीकडे," मी म्हटलं. "मी घरी असो की नसो, तुझा कागद कधीही घेऊन जा. मला विचारायचं नाही."