चार टक्क्यांनी लहान ढेकूळ

आमची थोरली वहिनी रागावली की भांडी आपटत नाही. गप्प होते. मग समोरच्यानं आपलं आपण सांभाळावं.

ती प्रयोगशाळेत प्रथिनांचे स्फटिक वाढवते. एकाच प्रथिनामागं सात वर्षं हात धुऊन लागली होती. मिठाच्या खड्याहून बारीक स्फटिक. त्यावर क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात. पण ठिपक्यांत माहिती अर्धीच. उरलेली अर्धी काढायला रेणूचा आकार लागतो, ढोबळ का होईना. तो कुणाकडंच नव्हता.

शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्यानं तो काढून दिला. याला सगळे भिंगवाला म्हणत. आकार कसला, ढेकूळच! नाक ना डोळा. वहिनीनं महिनाभर ते संगणकात फिरवून फिरवून ठिपक्यांशी ताडलं. जुळेना.

"स्फटिकच सडके आहेत," प्रयोगशाळेचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "शुक्रवारी स्फटिकांची गोठणटाकी रिकामी करा."

भिंगवाला खिदळला. "बाई, एखादा अंगठीत बसवा."

वहिनी गप्प झाली.

घरी दादा म्हणाला, "सोड की आता नाद."

"स्फटिक माझ्या हातचे आहेत. सडके असते तर मीच फेकले असते," ती म्हणाली, आणि जेवता जेवता थांबली. माल चोख, तर मग माप?

सकाळी तिनं भिंगवाल्याला गाठलं. "तुझ्या मशीनचं माप शेवटचं कधी तपासलंस?"

"आलं तेव्हा."

"कधी आलं?"

"झाली सहा वर्षं. मशीन काय खोटं बोलतंय?"

माप चुकलं असेल, तर ढेकूळही खऱ्याहून लहान-मोठं आलं असणार. वहिनीनं संगणकात ते एका टक्क्यानं फुगवलं. नाही. दोन, तीन, नाही. चारवर ते असं चपखल बसलं की तिच्या तोंडून शिवीच गेली. मग त्या ढेकळाच्या आधारानं ठिपक्यांतून एकेक धागा सुटत गेला, आणि शुक्रवारी सकाळी अख्खा रेणू पडद्यावर उभा.

साहेब आले, बघितलं, फुलले. "वा! मी म्हणतच होतो, चिकाटी हवी."

"तुम्ही सडके म्हणालात," वहिनी म्हणाली. "सगळ्यांदेखत."

"अहो बाई, एवढं काय मनाला लावून घेता?"

तिनं टाकीची किल्ली खिशात टाकली. "सगळ्यांदेखतच परत घ्या."

साहेबांनी घसा खाकरला. "स्फटिक... चांगले होते," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," वहिनी म्हणाली. "भिंगवाला मागं उभा आहे."