कारणाचा रकाना

"सर, ते मालिशवाली बाई आली हाय. सोडू का वर?"

बेसा भागातल्या एका चौदा मजली सोसायटीचं गेट. सकाळचे अकरा. वॉचमनच्या खोलीतला इंटरकॉम बंद होता, म्हणून त्यानं मोबाईलवरून फोन लावला होता. स्पीकर चालू होता. गेटपाशी माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. मालिशवाली कुठे आहे म्हणून मी मागे वळून पाहिलं.

फोनमधून आवाज आला, "हो. पाठव. सर्व्हिस लिफ्टनं."

आवाज संजीवचा होता. त्याला मी आठवीत इंग्रजी शिकवलं आहे.

माझ्या पर्समध्ये काय होतं ते लिहिते, मुलांनो, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. लाकडी डबीत दोन छोटे पेले. स्वच्छ रुमालात गुंडाळलेली भाकर. आदल्या दिवशी मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेला रस, औषधाच्या बाटलीत. पवित्र शास्त्र. मी इंग्रजीची एम. ए. आहे. एकवीस वर्षं शाळेत शिकवलं. तुमचे आजोबा गेल्यावर धर्मशिक्षण घेतलं आणि बावन्नाव्या वर्षी माझी चर्चची पाळक म्हणून दीक्षा झाली. आता एकाहत्तर पूर्ण. निवृत्त झाले तरी मंडळीनं मला सोडलं नाही, कारण आमच्या छोट्या मंडळीत यायला दुसरं कोणी तयार नाही. रविवारी पुढचे चार बाक भरतात. तुमच्या वयाचं त्यात कोणी नसतं.

आणि हे सगळं असलेली बाई त्या रजिस्टरात मालिशवाली होती. मी वॉचमनच्या हातून रजिस्टर ओढून घेतलं आणि पानं उलटली. फ्लॅट सातशे चार. कारण: मालिश. मागचा महिना, मालिश. त्याच्या मागचा, मालिश. वर्षभर.

"मी काय करू, मॅडम," वॉचमन म्हणाला. "सरनं सांगून ठेवलं, तेच लिवून राहिलो ना मी."

त्याच पानावर, दोन ओळी वर, लिहिलेलं होतं: फ्लॅट तीनशे दोन. गुरुजी. पूजा.

गुरुजींचा मला राग नाही. त्यांचं काम त्यांच्या नावानं लिहिलं होतं, एवढंच मी पाहिलं. मालिश करणाऱ्या बाईचाही राग नाही. तिच्या हातांनी लोक उभे राहतात. ते काम हलकं आहे म्हणून मला लागलं असं समजू नका. माझं काम पुसून टाकलं होतं. तेही मीच शिकवलेल्या मुलानं.

आणि थोडं मीसुद्धा. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

संजीवची आई, सुमनबाई, आमच्या मंडळीतल्या सर्वांत जुन्या सभासद. उमरेडच्या. दवाखान्यात नर्स म्हणून सारी हयात काढली, त्या पगारावर एकटीनं मुलाला इंजिनियर केलं. आता शहाऐंशीच्या आहेत, खाटेवर आहेत. ज्यांना उपासनेला येता येत नाही त्यांच्यासाठी पाळक प्रभुभोजन, म्हणजे ही भाकर आणि हा रस, घरी नेतो, ही आमची रीत. प्रत्येक महिन्याचा पहिला गुरुवार सुमनबाईंचा.

वर्षापूर्वी संजीव मला म्हणाला होता, "मॅडम, एक छोटी रिक्वेस्ट. ती पांढरी कॉलर घालून येऊ नका. गेटवर काय सांगायचं ते मी बघतो."

मी विचारलं नाही, काय सांगणार. दीक्षेच्या वेळी शिवलेला कॉलरचा राखाडी ब्लाउज कपाटात ठेवला आणि साधी सुती साडी नेसून गेले. म्हटलं, म्हातारीला प्रभुभोजन मिळण्याशी मतलब. तुमच्या आईनं माझ्या व्हिसाच्या फॉर्मवर "निवृत्त शिक्षिका" लिहिलं, तेव्हाही मी गप्प बसले. ते खोटं नव्हतं ना! असं आपण एकेक पाऊल मागे सरतो. कोणी ढकलावं लागत नाही.

त्या दिवशी सर्व्हिस लिफ्टनं वर गेले. लिफ्टमध्ये कचऱ्याचे दोन डबे होते.

"सलाम, पाळकबाई," सुमनबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "चेहरा काहून उतरला?"

मी सांगितलं. सरळ, जसं घडलं तसं.

त्या आधी हसल्या. दात नसलेलं तोंड उघडून, खोकला येईपर्यंत. "मालिश करता का वं तुम्ही? अन् मले ठाऊकच नाही! माह्या गुडघ्यायले तर एक दिवस हात नाही लावला."

मलाही हसू आलं. मी डबी उघडली, पेल्यांत रस ओतला, रुमाल पसरला. प्रभुभोजनाच्या आधी आम्ही पापांची कबुली देतो. मी पुस्तक उघडून वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील. सुमनबाईंनी पेल्यावर हात ठेवला. शिरा वर आलेला, पण नर्सचाच हात.

"थांबा. हे आज नाही घेत मी."

"का?"

"मालिशवालीच्या हातची भाकर म्हणून आली ना ही घरात? चोरून आली. मी उभ्या जन्मात देवाचं चोरून खाल्लं नाही. दवाखान्यात डॉक्टर हसत होते मले, तरी टेबलावर शास्त्र उघडं ठेवत होती मी." मग आवाज खाली आला. "तुमचा तो पट्टा कुठे गेला गळ्याचा? साल झालं, मी पाहून राहिली. वाटलं, हरवला असन."

पट्टा म्हणजे माझी कॉलर. त्यांनी वर्षभर पाहिलं होतं. मला शरम वाटू नये म्हणून विचारलं नव्हतं.

मला सांगा, गेटवर माझा अपमान झाला की इथे? मला अजून ठरवता येत नाही. गेटवर राग आला होता. इथे मान वर होईना.

मी रस बाटलीत परत ओतला. भाकर रुमालात बांधली.

संजीव लिफ्टपाशी उभा होता. घरून काम करतो, गळ्यात हेडफोन. मी म्हटलं, पुढच्या महिन्यापासून माझं काम माझ्या नावानं लिहिलं जाईल.

"मॅडम, इमोशनल होऊ नका. आजकालचं वातावरण तुम्हाला माहीत आहे. कोणी ग्रुपवर फोटो टाकला, धर्मांतर चालू आहे म्हणाला, तर? मी इथला सेक्रेटरी आहे."

"तुझी आई जन्मानं ख्रिस्ती आहे. तिचं कोण धर्मांतर करणार?"

"पॉइंट तो नाही. आम्ही दोघं नवरा-बायको काहीच मानत नाही. ना तुमचं, ना त्यांचं. घर न्यूट्रल ठेवायचं आहे."

त्याच्या दारावर झेंडूचं तोरण होतं. मी त्याकडे पाहिलं.

"ते कल्चर आहे," तो म्हणाला.

"आणि मी?"

त्यानं सर्व्हिस लिफ्टचं बटण दाबलं. मग म्हणाला, "चालतंय तसं यायचं तर या. नाहीतर आईला मोबाईलवर उपासना लावून देतो. आजकाल सगळं ऑनलाइन असतं."

हा मुलगा रविवारच्या शाळेत तेविसावं स्तोत्र न अडखळता म्हणायचा. त्यानं विश्वास सोडला, याचं मला दुःख आहे, पण तक्रार नाही. मानायचं की नाही, हा त्याचा हक्क. पण स्वतःच्या न मानण्याला मोकळं दार, आणि आईच्या मानण्याला सर्व्हिस लिफ्ट, ही कुठली समानता? मी म्हटलं, "तसं येणार नाही." आणि त्याच्याच मोठ्या लिफ्टनं खाली उतरले.

पुढच्या पहिल्या गुरुवारी कॉलर घालून गेले. रजिस्टरात स्वतःच्या हातानं लिहिलं. फ्लॅट सातशे चार. कारण: पाळक, प्रभुभोजन. वॉचमननं फोन लावला. वरून सुमनबाईंच्या सुनेनं सांगितलं, घरी कोणी नाही. खाटेवरची बाई कुठे जाणार? वॉचमननं खालमानेनं स्टूल पुढे केलं. "बसा, माई. ऊन लय हाय." तासभर बसले. मग बस पकडून परत आले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंचा फोन आला. त्यांना सांभाळणाऱ्या आयानं लावून दिला असावा.

"लिवलं का?"

"लिहिलं."

"मग झालं."

"पण तुमचं प्रभुभोजन राहून जातंय, सुमनबाई."

"राहू द्या. थांबीन मी."

किती थांबतील? त्यांचा श्वास फोनवर ऐकू येत होता. माझ्या हट्टापायी एक मरणाला टेकलेली बाई प्रभुभोजनावाचून उपाशी आहे, हे मला कळतं. त्यामुळे नीट जेवण जात नाही. संजीवचाही राग येतो आणि माझाही, आणि दोन्ही राग कुठे ठेवावे कळत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, गुपचूप केलं तर काय बिघडतं?" तेव्हा मी विषय बदलला. हे त्याचं उत्तर. वर्षभर गुपचूप केलं. काय बिघडलं ते खाटेवरच्या बाईला दिसलं, मला नाही दिसलं. दारातून खोटं नाव सांगून आत गेलेला पाळक आत जाऊन कुठल्या तोंडानं कबुली वाचणार?

आज बुधवार. मनुका भिजत घातल्या आहेत. राखाडी ब्लाउजला इस्त्री केली आहे. तुमच्या आईलाही कळवलं आहे, यापुढे कुठल्याही फॉर्मवर माझ्या कामाच्या जागी पाळक लिहायचं, मग व्हिसा मिळो न मिळो.

उद्या साडेदहाची बस. पेन माझं स्वतःचं नेणार आहे. कारणाच्या रकान्यात मी लिहीन ते कोणाला खोडायचं असेल, तर संजीवनं सात मजले उतरून यावं आणि माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं खोडावं.